मावांगदुईची शिन झुई : लेप नव्हता, मातीचं काम चोख होतं

प्रश्न असा आहे : चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात दोन हजार वर्षांपूर्वीची एका सरदाराची बायको जशीच्या तशी सापडली, तिला कसला लेप लावला होता? तिच्यासोबत खजिना काय निघाला? आणि हे सगळं जमलं असेल, तर चीन आपल्या पहिल्या सम्राटाचं थडगं अजून का उघडत नाही?

जुनं कापड आणि लाकूड सांभाळणं हे माझं गेल्या चोवीस वर्षांचं काम आहे. त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी माझ्या कामाच्या बाजूने देते. माझ्या मते ती तिन्ही एकाच धाग्यात ओवलेली आहेत.

आधी लेपाचं. इजिप्तमध्ये पोट फाडून आतडी काढत, क्षारात ठेवून देह वाळवत, मग पट्ट्या गुंडाळत. यातलं काहीही इथे झालेलं नाही. अवयव सगळे जागच्या जागी होते. त्यामुळे हिला ‘ममी’ म्हणतात ते मला पटत नाही. ममी कोरडी असते, आणि ही बाई ओली होती. 1972 मध्ये शवपेटी उघडली तेव्हा तिची कातडी मऊ होती, बोट दाबलं की दबून परत वर येत होती, हातापायांचे सांधे वाकत होते, डोक्यावर केस होते. उंची 154 सेंटिमीटर, वजन 34.3 किलो. वय पन्नासच्या आसपास.

ती होती कोण, तेही थोडक्यात सांगते. हान घराण्याच्या सुरुवातीच्या काळात, आजच्या हुनान प्रांतात, चांगशा नावाचं मांडलिक राज्य होतं. तिथल्या दिवाणाचं नाव ली त्सांग. इ.स.पू. 193 मध्ये त्याला ‘दाय’ची जहागीर मिळाली, 700 घरांची. म्हणजे फार मोठा सरदार नव्हे. इ.स.पू. 186 मध्ये तो वारला. शिन झुई ही त्याची बायको. तिचं नाव कळलं ते थडग्यात निघालेल्या शिक्क्यामुळे. त्यांच्या मुलाचं दफन इ.स.पू. 168 मध्ये झालं, आणि ती त्याच्यानंतर काही वर्षांनी गेली. आपल्याकडे भाजे लेण्याचं खोदकाम झालं, तेही साधारण त्याच शतकात.

नवरा, मुलगा आणि ती, तिघांची थडगी चांगशा शहराच्या पूर्वेकडच्या एकाच टेकाडात आहेत. दहाव्या शतकातल्या मा यिन या राजाची कबर तिथे आहे अशी लोकांची समजूत होती, म्हणून नाव पडलं मावांगदुई, ‘मा राजाचं टेकाड’. 1971 च्या अखेरीस तिथे एका लष्करी रुग्णालयासाठी हवाई हल्ल्यापासून बचावाचं भुयार खणत होते. माती ढासळायला लागली म्हणून खोलवर भोकं पाडून पाहिली, तर त्यांतून वायू फुसफुसत बाहेर आला आणि ठिणगी लागताच निळ्या ज्योतीने जळू लागला. हुनानमध्ये अशा कबरीला ‘आगीचं थडगं’ म्हणतात. अनुभवी माणसाला त्या ज्योतीवरूनच कळतं की आत हवा शिरलेली नाही.

तसं का, ते समजून घेण्यासारखं आहे. थडग्यात भरपूर अन्न ठेवलेलं होतं. झाकण बसल्यावर आतल्या हवेतला ऑक्सिजन आधी त्या अन्नाच्या कुजण्यात संपला. मग उरले ते ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू. त्यांच्या कामातून मिथेन तयार झाला, आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतो तसाच. बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो दोन हजार वर्षं आतच कोंडून राहिला. पुढे संग्रहालयाची माणसं वायूचा नमुना घ्यायला पोचली, तोवर दाब ओसरून गेला होता. एवढ्या शतकांची ती हवा काही दिवसांत उडून गेली, हे मला आजही हळहळायला लावतं.

आता ती वाट बंद कशी केली होती? खड्ड्याचं तोंड साधारण 19.5 मीटर लांब आणि 17.8 मीटर रुंद. तिथून पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत तो 16 मीटर खाली जातो, वर टेकाडाची भर वेगळी. तळाशी जाड फळ्यांची एक मोठी खोली, 6.72 मीटर लांब. लोखंडी खिळा एकही नाही, सगळे जोड खाचा आणि कुसवांचे. त्या खोलीच्या मध्यभागी एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या. आणि खोलीच्या चारही बाजूंना, वर आणि खाली, आधी कोळशाचा थर : 30 ते 40 सेंटिमीटर, एकूण सुमारे 5 टन. त्याच्याबाहेर पांढऱ्या चिकणमातीचा थर : 60 पासून 130 सेंटिमीटरपर्यंत. मग त्यावर ठोकून ठोकून भरलेली माती.

ही चिकणमाती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिनी लोक तिला ‘पांढरी लेपमाती’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ओली असताना ती हिरवट राखाडी दिसते, वाळली की पांढरी पडते. गणपतीसाठी शाडू मळणाऱ्या माणसाला तिचा गुण समजावून सांगावा लागणार नाही : कण इतके बारीक की ओल टिकून असेपर्यंत त्यांतून ना पाणी जात, ना हवा. मात्र शाडू वाळला की तडकतो, तशी हीसुद्धा वाळली तर तडकणारच. म्हणून ती खोल हवी, जिथे उन्हाळा-हिवाळा पोचत नाही आणि ओल कायम राहते. खड्ड्याची खोली, ओल, चिकणमाती, कोळसा, चार पेट्या, आणि पेट्यांवरचं रोगण, हे सगळं एकत्र आलं तेव्हा कुठे ते साधलं.

पण हे मी नुसतं अंदाजाने म्हणत नाही. शेजारची दोन थडगी त्याची साक्ष देतात. कुटुंब एक, टेकाड एक, तंत्र एक, काळात फार तर पंचवीसएक वर्षांचा फरक. नवऱ्याच्या थडग्याची चिकणमाती नीट बसवलेली नव्हती आणि चोरही आत शिरले होते. तिथे त्याचे शिक्के मिळाले, देह राहिला नाही. मुलाच्या थडग्यात चिकणमातीचा थर होता, पण सगळीकडे सारखा नव्हता; तिथे उरला फक्त सांगाडा. आईच्या थडग्यात थर जाड, सलग आणि कुठेही फट न ठेवता बसवलेला. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा असा हा प्रयोग आहे. जादूच्या लेपाची गोष्ट कोणी सांगायला लागलं, की मी त्यांना मुलाचं थडगं दाखवते. गुप्त औषध असतं तर घरातल्या तरुण मुलालाही मिळालंच असतं ना?

आता शवपेटीत जे पाणी होतं त्याविषयी. देह साधारण 80 लिटर द्रवात अर्धवट बुडालेला होता, आणि ‘अमृतजल’ वगैरे कथा त्यावरूनच निघाल्या आहेत. तो द्रव किंचित आम्लधर्मी होता. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की दफनाच्या वेळी तो ओतलेला नव्हता. देहातून पाझरलेलं पाणी आणि आत साठलेली वाफ यांतून तो हळूहळू जमा झाला. ऊतींमध्ये शिसं आणि पारा जास्त आढळला. त्या काळचे श्रीमंत लोक दीर्घायुष्यासाठी पाऱ्याची औषधं घेत, तेव्हा तो जिवंतपणी पोटात गेला असण्याची शक्यता आहे. या सगळ्याने जंतूंना आळा बसायला हातभार लागला असेल. पण हा हातभार, मूळ काम चिकणमातीचं.

डिसेंबर 1972 मध्ये हुनान वैद्यकीय महाविद्यालयाच्या फंग लोंगश्यांग यांच्या देखरेखीखाली शवविच्छेदन झालं. जे निघालं ते वाचताना ही बाई आपल्या ओळखीची वाटू लागते. हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीने दाटलेल्या. पित्ताशयाचे खडे. पोटात जंत, शिवाय त्या भागातल्या पाण्यातून होणारा शिस्टोसोमा या परजीवीचा आजार. उजवा हात कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. मणक्याची चकती बिघडलेली. आणि अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंत 138 खरबुजाच्या बिया. म्हणजे खरबुजाचे दिवस होते, तिने ते बियांसकट खाल्लं आणि पचायच्या आतच ती गेली. डॉक्टरांचा निष्कर्ष असा की पित्ताच्या खड्यांची कळ उठली आणि त्या कळेमुळे हृदयाचा झटका आला. कापडावर काम करताना मला त्या बिया राहून राहून आठवतात. इतक्या मोठ्या तयारीच्या दफनात तिच्या शेवटच्या खाण्याविषयी एवढं स्पष्ट सांगणारी दुसरी वस्तू नाही.

आता खजिना. सोनं, चांदी, जडजवाहीर शोधायला गेलात तर हात रिकामे राहतील. सोन्याच्या नाण्यांऐवजी मातीची नाणी ठेवलेली होती, तांब्याच्या पैशांऐवजीही मातीचेच पैसे. बांबूच्या 312 पट्ट्यांवर सामानाची यादी लिहिलेली होती, आणि यादी व प्रत्यक्ष सामान पूर्ण जुळत नाही. तरीही या एका थडग्यातून 1,000 हून कितीतरी जास्त वस्तू निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अशा आहेत ज्या एरवी पहिल्या शंभर वर्षांतच नाहीशा होतात. सोनं कुठेही टिकतं, त्याला थडग्याची गरज नाही. पण रेशीम, लाकूड, बांबू, पिसं, तांदूळ, अंडी, बोरं, हरणाचं मांस, वाळवलेले मासे हे टिकणं म्हणजे खरी श्रीमंती. आमच्या धंद्यात तरी आम्ही त्यालाच खजिना म्हणतो.

एका वस्तूपाशी जरा थांबते. साध्या जाळीदार रेशमाचा एक अंगरखा. लांबी 128 सेंटिमीटर, पसरलेल्या बाह्या टोकापासून टोकापर्यंत 190. गळ्याला आणि बाह्यांना जाड रेशमाचा काठ लावलेला. आणि काठासकट वजन 49 ग्रॅम, एका अंड्याएवढं! ज्यांनी पैठणी विणताना पाहिली आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. धागा बारीक असला की ताण सहन होत नाही, बाणा (आडवा धागा) ठोकताना तुटतो, आणि वीण विरळ ठेवली की सरकते. इथे वीण विरळ असूनही दोन हजार वर्षांनी जागची हलली नव्हती. नानजिंगच्या युनजिन संशोधन संस्थेने त्याची नक्कल करायला घेतली, तेव्हा आधी हे कळलं की आजचे रेशीमकिडे मोठे झालेत. ते चार वेळा कात टाकतात, त्यांचा धागा जाड येतो. त्या काळचे किडे तीनदा कात टाकत, धागा बारीक येई. आधीच्या प्रयत्नांत झगा वजनाला जास्तच भरत होता. 2019 मध्ये 49.28 ग्रॅमपर्यंत पोचले. इतके हुशार विणकर, आधुनिक माग, सूक्ष्मदर्शक हाताशी असताना कित्येक वर्षं लागली. म्हणून मी या कामाला ‘प्राचीन काळाच्या मानाने चांगलं’ असं कधीच म्हणत नाही. ते कुठल्याही काळाच्या मानाने चांगलं आहे.

रोगणाच्या वस्तूंविषयी एक गैरसमज दूर करते. मराठीत आपण त्याला सर्रास लाखकाम म्हणतो, पण सावंतवाडीची लाख आणि ही वस्तू वेगळी. आपली लाख किड्यापासून मिळते, उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी रोगण हा एका झाडाचा चीक आहे. तो कोरड्या हवेत नव्हे, दमट हवेत पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की पाणी, आम्ल, स्पिरिट कशालाही जुमानत नाही. म्हणून शिन झुईच्या ताटवाट्या पाण्यातून काढल्या तेव्हा काल रंगवल्यासारख्या चमकत होत्या. काळा आणि लाल रंग, ढगांची वेलबुट्टी, आणि काहींवर लिहिलेलं : ‘आनंदाने जेवा’, ‘आनंदाने प्या’. दाय जहागिरीचं नावही आहे. प्रसाधनाचा एक दुमजली गोल डबा आहे. वरच्या कप्प्यात हातमोजे, खालच्यात नऊ छोट्या डब्या अगदी चपखल बसवलेल्या, त्यांत पावडर, लाली, फण्या. कुणा बाईने रोज सकाळी हाताळलेला डबा आहे तो.

सगळ्यात आतल्या शवपेटीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं एक रेशमी चित्र पालथं घातलेलं होतं, 205 सेंटिमीटर लांब. वर चंद्र आणि बेडूक, सूर्य आणि कावळा, खाली पाताळ, आणि मध्ये काठी टेकत उभी असलेली वाकलेली म्हातारी, मागे दासी. चित्रकाराने तिला नटवून तरुण दाखवलेलं नाही. मणक्याचा दोष शवविच्छेदनात दिसला तो नंतर. चित्रात ती आधीच काठी टेकून उभी होती. या चित्राच्या अर्थावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही.

मुलाच्या थडग्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे देह गेला पण एका रोगणाच्या पेटीत रेशमावर लिहिलेले ग्रंथ राहिले. ताओ तत्त्वज्ञ लाओझीचे ‘दाव द जिंग’ दोन प्रतींत, आणि दोन्हींत आज पहिला मानला जाणारा भाग नंतर येतो. ‘यीजिंग’ हा शकुनग्रंथ. 52 रोगांवरच्या उपचारांचा ग्रंथ. व्यायाम करणाऱ्या 44 माणसांची चित्रं. धूमकेतूंच्या आकृत्या. दक्षिण सीमेचे नकाशे. घड्या घालून ठेवलेलं हे रेशीम पाण्यात भिजून विटेसारखं घट्ट झालं होतं. रेशीम आधी चिरतं ते घडीवर, हे जुनी साडी उलगडलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. इथेही घडीघडीवर तुकडे पडले. पण शतकानुशतकं दाबाखाली राहिल्याने एका घडीची शाई समोरच्या घडीवर उलटी उमटली होती. आरशात धरल्यासारखे ते उलटे ठसे वाचून अभ्यासक आज सुटे तुकडे आपापल्या जागी बसवतात. मी स्वतः पोथ्यांच्या तुकड्यांवर ही युक्ती वापरली आहे, आणि ती जेव्हा जुळते तेव्हाचं समाधान फार मोठं असतं.

आता तिसरा प्रश्न, सम्राटाचं थडगं का उघडत नाहीत. याचं उत्तर द्यायला माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बुजलेल्या विहिरीतून जुन्या रहाटाचा लाकडी भाग आमच्याकडे आला. ओला, भक्कम, खुणा स्पष्ट. मी तो चिखल धुऊन व्हरांड्यात सावलीला ठेवला. ‘ऊन नको, सावली चालेल,’ असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या लांबीभर भेगा गेल्या आणि आठवड्यात त्याचा आकारच आक्रसला. पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींतला मूळ माल केव्हाच गेलेला असतो, त्यांना आतून टेकू देतं ते पाणीच. पाणी उडालं की भिंती आत कोसळतात. त्या पाण्याची जागा हळूहळू मेणासारख्या पदार्थाला द्यावी लागते, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. तेव्हापासून बंद जागेतून आलेली कोणतीही वस्तू मी आधी ओल्या कापडात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळते, मग विचार करते.

चीनमध्ये हाच धडा फार मोठ्या किमतीला मिळाला. 1956-57 मध्ये बीजिंगजवळ वानली या मिंग सम्राटाचं थडगं, दिंगलिंग, उघडलं. रेशमाची रासच्या रास निघाली, पण सांभाळायचं तंत्र आणि तयारी नव्हती. कापड कडक झालं, विटलं, तुकडे पडले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत सम्राटाची आणि राण्यांची हाडंसुद्धा जाळली गेली. त्यानंतर सम्राटांची थडगी मुद्दाम उघडायची नाहीत हे धोरण पक्कं झालं. मावांगदुई उघडलं ते भुयाराच्या कामात धक्का लागला होता म्हणून. पहिला सम्राट चिन शी हुआंग याच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांचंही असंच नुकसान झालं. जमिनीतून बाहेर येताना त्यांच्यावर लाल, हिरवे, जांभळे रंग होते. पण रंगाखालचा रोगणाचा थर कोरड्या हवेत काही मिनिटांत वळतो आणि रंगासकट गळून पडतो. बरीच वर्षं तो रंग डोळ्यांसमोर गेला. आता रंग धरून ठेवायची पद्धत सापडली आहे, पण ती एका सैनिकाला लावतानाही दमवते, आणि सम्राटाच्या थडग्याचं मुख्य दालन तर अजून बंदच आहे. ते बंद राहू दे, असंच मला मनापासून वाटतं.

मावांगदुईत फार काळजी घेतली गेली. तरीही एका भांड्याचं काय झालं ते सांगते. शिन झुईच्या थडग्यातलं तीन पायांचं एक रोगणाचं पातेलं उघडलं, तेव्हा आतल्या पाण्यात कमळकाकडीच्या पातळ चकत्या तरंगत होत्या, मधल्या भोकांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचं सार. त्या चकत्यांत तंतू असा उरलाच नव्हता, नुसता आकार पाण्याच्या आधाराने शिल्लक होता. पातेलं उचलून हलवलं, थोडा हिसका बसला, आणि चकत्या पाण्यात विरून गेल्या. उघडल्या उघडल्या कोणीतरी फोटो घेतला होता. चांगशाच्या संग्रहालयात पातेलं आहे, झाकण आहे, आणि चकत्यांचा तो फोटो.